लाखेच्या साठ तबकड्या

ईश्वरदास कापगतेने गोंदियात दोन खोल्या भाड्याने घेतल्या होत्या आणि त्यांतली अर्धी खोली जॅझला दिली होती. रॉकेलच्या डब्यांच्या लाकडी खोक्याला आतून फ्लॅनेल लावून त्यात त्याने सदतीस तबकड्या उभ्या ठेवल्या होत्या. आडव्या नव्हेत. आडव्या ठेवल्या की सगळ्यांत खालच्या तबकडीवर वरच्या छत्तिसांचे वजन पडते, आणि ते वजन सतरा पौंडांच्या वर जाते हे त्याने कोपऱ्यावरच्या किराणा दुकानातल्या तराजूवर खात्री करून घेतले होते. प्रत्येक तबकडीला क्रमांक होता. एका लांब वहीत त्या क्रमांकापुढे वाद्ये, सुई कितव्यांदा वापरली, त्या दिवशीचे खोलीचे तापमान आणि शेवटी 'स्थिती' असे रकाने होते. स्थितीच्या रकान्यात 'उत्तम', 'बरी', 'एक ओरखडा, दुसऱ्या मिनिटाला' असे शेरे असत. बी.एस्सी. झालेल्या माणसाने छंदही बी.एस्सी. झाल्यासारखाच करावा, असे त्याचे मत होते.

हायस्कुलात पदार्थविज्ञान शिकवणाऱ्या तरुण मास्तराने अमेरिकेतल्या वाजंत्र्यांचे एवढे कौतुक का करावे, हे गल्लीला उलगडत नसे. शेजारच्या चुन्नीलालने तर प्रयत्न करून पाहिला होता. चुन्नीलाल लाखेचा व्यापारी. त्याच्या अंगणात बारा महिने जंगलातून आलेली लाख वाळत असायची, आणि त्या वासाने ईश्वरदासच्या घरातला चहासुद्धा थोडा लाखेचा लागायचा. पहिली तबकडी चुन्नीलालने मांडी घालून, डोळे मिटून, भक्तिभावाने ऐकली आणि सुई उचलल्यावर विचारले, "मास्टरजी, इसमें गाना कब शुरू होता है?"

ईश्वरदासने त्याला समजावले की गाणे असे नसतेच. वाजवणारा ऐन वेळी सुचेल ते वाजवतो, आणि एकदा वाजवलेले पुन्हा तसेच कधी वाजवत नाही. हीच त्याची थोरवी. चुन्नीलालने विचार केला. "जो आदमी दुबारा वैसा बजाता नहीं," तो म्हणाला, "उसका रेकॉर्ड कायको लेते?"

या प्रश्नाचे उत्तर ईश्वरदासला तीन दिवस सापडले नाही. चौथ्या दिवशी सापडले ते असे, की तबकड्या या सरावासाठी असतात. खरे ऐकणे ते समोरासमोर.

समोरासमोर ऐकण्याची सोय गोंदियात वर्षातून एकदाच होत असे. रेल्वेच्या वसाहतीत साहेब लोकांच्या वेळचे इन्स्टिट्यूट होते. लाकडी जमिनीचा हॉल, उंच खिडक्या, भिंतीवर हरणांची शिंगे. कलकत्त्याहून नागपूरला जाणारा एखादा बँड हिवाळ्यात एका संध्याकाळी तिथे उतरे. प्रवेश फक्त सभासदांना आणि त्यांच्या पाहुण्यांना. ईश्वरदास दोन्हीत बसत नव्हता. चार हिवाळे त्याने चार मैफली बाहेरून ऐकल्या. पण बाहेरून म्हणजे कुठूनही नव्हे. पहिल्या वर्षी तो पायऱ्यांपाशी उभा राहिला, तेव्हा ढोलाखेरीज काही कळले नाही. दुसऱ्या वर्षी मागच्या अंगाला गेला, तेव्हा स्वयंपाकघरातल्या बशाच जास्त ऐकू आल्या. तिसऱ्या वर्षी त्याने वही आणि मोजपट्टी नेली, इमारतीला सात फेऱ्या घातल्या, पहारेकऱ्याला दोनदा आपण कोण ते सांगितले, आणि निष्कर्ष काढला: पूर्वेकडची तिसरी खिडकी, पेरूच्या झाडाखाली, भिंतीपासून अकरा फूट. चौथ्या वर्षी हा निष्कर्ष पुन्हा तपासला. बरोबर निघाला.

तरीही माणूस तो माणूस. अकरा फुटांवर आवाज कितीही स्वच्छ येत असला तरी तिथून आतल्या खुर्च्या दिसतात. खुर्च्यांवर बसलेल्यांच्या कोटांची बटणे दिसतात. क्लॅरिनेट ऐन रंगात असताना पहिल्या रांगेत कोणीतरी जांभई देताना दिसतो, आणि बाहेर थंडीत उभ्या असलेल्या बी.एस्सी. माणसाला ती जांभई फार लागते. ईश्वरदासला एकदा, एकदाच, आत खुर्चीवर बसून मैफल ऐकायची होती.

सत्तावन्न सालच्या जानेवारीत तो योग आला. फ्लॉरी साहेब म्हणून एक जुने इंजिन ड्रायव्हर होते. गोंदियाला असताना इन्स्टिट्यूटमध्ये मध्यंतराला त्यांच्याच तबकड्या वाजत. पहिल्या वर्षी बाहेर उभ्या असलेल्या मास्तराला पाहून त्यांनीच एक क्लॅरिनेटची तबकडी लावली होती आणि रेडिओग्रामचे तोंड पायऱ्यांकडे फिरवले होते. आता ते डोंगरगडला निवृत्त होऊन ऑस्ट्रेलियाला मुलीकडे निघाले होते. त्यांनी कळवले, की साठ तबकड्या आहेत, बोटीत फुटतील, तुम्ही घेऊन जा. ही बातमी इन्स्टिट्यूटच्या सेक्रेटरींच्या कानावर गेली. सेक्रेटरी वेळापत्रकासारखे बोलत. ते म्हणाले, शनिवारी साडेसहाला बँड. फ्लॉरीच्या तबकड्या मध्यंतराला हजर असल्या तर पाहुणा म्हणून एक खुर्ची तुमची. नसल्या तर नाही.

ईश्वरदासने ही गोष्ट कोणालाही सांगायची नाही असे ठरवले आणि संध्याकाळपर्यंत सगळ्या गल्लीला सांगितली. गावी वडिलांनाही पत्र टाकले. इतकेच नव्हे, तर आयुष्यात कधी न केलेली एक गोष्ट त्याने केली. फ्लॉरी साहेबांच्या यादीत सत्ताविसाव्या असलेल्या त्या क्लॅरिनेटच्या तबकडीला, अजून हातात आली नसताना, त्याने वहीत क्रमांक चौसष्ट दिला आणि स्थितीच्या रकान्यात 'उत्तम' असे लिहून टाकले.

रविवारी तो डोंगरगडला गेला. साठ तबकड्या भाताच्या तणसात बांधून खोक्यात भरल्या. फ्लॉरी बाईंनी सुचवले की खोके मांडीवर घेऊन बसा. त्याने वजनाचा हिशेब मांडून दाखवला, की गोंदिया येईपर्यंत पाय बधिर होतील, शिवाय पॅसेंजरच्या गर्दीत त्या खोक्यावर कोणी ना कोणी बसणार. त्यापेक्षा पार्सल बरे. पार्सलच्या कागदावर 'मालाचे वर्णन' असा रकाना होता. दुसरा कोणी असता तर 'ग्रामोफोनच्या तबकड्या' असे लिहून मोकळा झाला असता. पण ईश्वरदासने विचार केला, की तबकडी म्हटल्याने हमालाला काय कळणार? ती कशाची आहे हे कळले तर तो तिला इंजिनाच्या धगीपासून लांब ठेवील. म्हणून त्याने सुवाच्य अक्षरात लिहिले: 'लाख, तबकड्यांच्या रूपात, नग साठ. दीडशे अंश फॅरनहाइटला मऊ पडते. उष्णतेपासून दूर ठेवावे.' कागद परत देताना त्याला फार समाधान वाटले. इतके अचूक वर्णन त्या ऑफिसात पूर्वी कोणी केले नसावे.

सोमवारी खोके गोंदियाला सुखरूप उतरले. पार्सल ऑफिसातला नंदलाल कागद दोनदा वाचून म्हणाला, "मास्टरसाब, ये तो लाख है. जंगल का पास किधर है?"

ईश्वरदास हसला आणि म्हणाला की लाख म्हणजे तशी लाख नव्हे, गाण्याच्या तबकड्या आहेत.

"वो मेरेको मत समझाओ. कागज पे किसने लिखा? आपने. आपही बी.एस्सी. और आपही बोलते लाख नहीं है."

अडचण खरी होती. दोन महिन्यांपूर्वीपर्यंत डोंगरगड आणि गोंदिया एकाच राज्यात होते. नोव्हेंबरच्या एक तारखेला नकाशा बदलला. डोंगरगड मध्य प्रदेशात राहिले आणि गोंदिया मुंबई राज्यात आले. मधल्या जंगलातल्या झाडांना याची कल्पना नव्हती, पण पार्सल ऑफिसला होती. परराज्यातून आलेली लाख जंगलखात्याच्या पासावाचून सोडायची नाही, असा कागद नंदलालच्या डोक्यावर खिळ्याला टांगलेला होता. त्याने तो काढून दाखवला आणि खोके दाणा लाखेच्या पोत्यांशेजारी, पण ईश्वरदासच्या सूचनेला मान देऊन सावलीत, ठेवले.

मंगळवारी चुन्नीलालने सल्ला दिला की घाबरू नका, माल माझा आहे असे लिहून देतो, लाख कुणाची आणि कुठली हे चुन्नीलालला सगळे ऑफिस विचारते. ईश्वरदासला तो खोटेपणा पटला नाही. बुधवारी शाळा सुटल्यावर तो जंगलखात्याच्या ऑफिसात गेला. तिथे केशोराव नावाचे कारकून होते. सभ्य, सावकाश, आणि रिकामा रकाना पाहून खरोखर दुःखी होणारे. त्यांनी फॉर्म काढला. फॉर्मवर जुन्या राज्याचे नाव होते. नव्या राज्याचे फॉर्म अजून यायचे होते. केशोरावांनी ते नाव पट्टीने रेघ मारून खोडले आणि विचारायला सुरुवात केली. लाख पळसाची की कुसुमाची? पीक बैसाखी की कातकी? कोणत्या जंगलातली? काढली कोणी?

ईश्वरदासने प्रामाणिकपणे सांगितले की यांपैकी काहीच माहीत नाही. तबकडीवर फक्त क्लॅरिनेटवाल्याचे नाव असते, आणि त्याने लाख काढलेली नसावी.

"मग कोणी काढली?" केशोरावांनी विचारले.

त्याने जागेवरच दोन पानांचे निवेदन लिहिले. त्यात तबकडी कशी बनते, लाखेचे प्रमाण किती, दगडाची भुकटी किती, काजळी किती, हे सगळे होते. केशोरावांनी ते सगळे वाचले, चांगले आहे म्हणाले, आणि फॉर्मला टाचले. त्यामुळे फॉर्म जाड झाला, पण रकाने रिकामेच राहिले. नियम असा होता, की लाख कुठली ते माहीत नसेल तर नमुना नागपूरला तपासायला जाईल आणि तीन आठवड्यांत उत्तर येईल. किंवा मग गावातल्या एखाद्या जाणकाराने समक्ष तपासून सांगितले तर तेही चालेल. चुन्नीलाल मात्र चालणार नाही. तो व्यापारी, त्याचा त्यात फायदा.

घरी आल्यावर त्याने ही हकीकत बायकोला सांगितली. सुमित्रा तांदूळ निवडत होती. ती मान वर न करता म्हणाली, "अजी, लाखेचं इचारायचं त लाखेवालीले इचारा. जमुनाबाई हाये ना बजारातली. माह्या हातातल्या बांगड्या तिच्याच हायेत." इतके सोपे उत्तर आपल्याला न सुचता तांदूळ निवडणाऱ्या माणसाला सुचावे, याचे ईश्वरदासला थोडे वाईट वाटले.

गुरुवारी वडील आले. पुनाराम कापगते सडक अर्जुनीकडचे. त्यांच्या घराण्यात तलाव बांधायची परंपरा होती. पणजोबांनी गावचा तलाव बांधला, आजोबांनी त्याची पाळ उंचावली, आणि पुनारामांनी स्वतः दोन बोड्या काढल्या होत्या, म्हणजे शेताच्या डोक्यावरची लहान तळी. कोणी जमीन दाखवायला नेले की ते मागे हात बांधून तिला फेरी घालायचे, मध्येच थांबायचे, आणि इथे म्हणायचे. तिथे पाणी ठरायचे. मुलाचे पत्र वाचून ते तांदळाची पिशवी घेऊन, मुलगा कोणत्या बाजेवाल्यांत सापडला ते पाहायला आले होते. फ्लॅनेलचे खोके त्यांनी बराच वेळ पाहिले.

"आपल्या घरच्यायनं पानी जमा केलं," ते म्हणाले. "तू थाळ्या जमा करून राहिला."

ईश्वरदासजवळ बोलायला होते पुष्कळ, पण सगळे जंगलखात्याच्या फॉर्मला टाचलेले होते.

शुक्रवारी दुपारी पार्सल ऑफिसच्या दारात सगळे जमले. केशोराव फॉर्म घेऊन, नंदलाल किल्ली घेऊन, चुन्नीलाल धीर द्यायला, पुनाराम पाहायला, आणि जमुनाबाई सुमित्रेबरोबर, आपली लहानशी शेगडी आणि चिमटा घेऊन. जमुनाबाईंनी गोंदियातल्या दोन पिढ्यांच्या नवऱ्या मुलींना लाखेच्या बांगड्या भरल्या होत्या. त्यांना खुर्ची दिली. त्या जमिनीवर बसल्या.

खोके उघडले. तणस बाजूला केले. एकोणसाठ तबकड्या जशाच्या तशा होत्या. साठावीचे दोन तुकडे झाले होते. ईश्वरदासने ते जोडून धरले आणि लेबल वाचले. ती क्लॅरिनेटची तबकडी होती. क्रमांक चौसष्ट.

"बरं झालं," केशोराव मनापासून म्हणाले. "नमुन्यासाठी चांगली फोडावी लागली असती."

ईश्वरदासने तुकडे जमुनाबाईंच्या हातात दिले. देताना त्याने ते कडांनी धरले होते, बोटांचे ठसे लागू नयेत म्हणून.

जमुनाबाईंनी एक तुकडा नखाने वाजवून पाहिला. त्याचे एक टोक शेगडीवर धरले, मऊ झाल्यावर चिमट्याने ओढले. तार निघाली आणि बोटभर लांबल्यावर तुटली. त्यांनी मान हलवली.

"लाख हाये. पन निरी लाख नोहे. एक वाटा लाख, दोन वाटे दगडाची भुकटी."

ईश्वरदास थक्क झाला. पुस्तकात हेच प्रमाण दिलेले होते. पण बाकीचे थक्क झाले ते वेगळ्या कारणासाठी. केशोरावांनी पेन उचलले आणि हळूच विचारले, "म्हणजे भेसळ?"

गोंदियात त्या काळी माणसाला काहीही म्हणावे, लाखेत भेसळ करतो असे म्हणू नये. चुन्नीलालला एकदम दुकानात माल उतरायची वेळ आठवली आणि तो निघून गेला. हमाल जवळ सरकले. नंदलालने किल्ली खिशात टाकली. ईश्वरदासने समजावले की भुकटी घातल्याशिवाय तबकडी सुईचा भार सोसणार नाही, ही भेसळ नव्हे, प्रमाण आहे. आणि ती त्याने घातलेली नाही, कलकत्त्याच्या कारखान्यात घालतात. जमुनाबाईंनी त्याला दुजोरा दिला. बांगडीच्या आतल्या भरणालासुद्धा भुकटी लागते, त्या म्हणाल्या, सगळी लाख घातली त हातात वितळन. तेव्हा कुठे केशोरावांचे पेन खाली आले.

"आणि लाख कुठली?"

जमुनाबाईंनी तापलेले टोक नाकाशी नेले. थोडा वेळ डोळे मिटले.

"कुसुमाची. सालेकशाची हाये."

"वासावरून गाव कसं कळेल, बाई?" ईश्वरदासने विचारले. विचारायला नको होते, पण शिक्षण आड आले.

जमुनाबाईंनी त्याच्याकडे कीव केल्यासारखे पाहिले. "माह्या मायचं घर तिकडं हाये, गुरुजी. मायघरचा वास चुकते का?"

केशोरावांचा चेहरा उजळला. सालेकसा याच जिल्ह्यातले, याच राज्यातले. म्हणजे माल परराज्याचा नव्हताच. घरचा माल बाहेर जाऊन घरी परत आला होता, आणि त्याला पास लागत नव्हता. फक्त एवढेच, की मालकाने 'सदर लाख सालेकशाच्या कुसुमाची आहे' असे लिहून सही करायची.

इथे ईश्वरदासचे पेन थांबले. ज्या गोष्टीला पुरावा नाही ती त्याने कधी लिहिली नव्हती, आणि आगाऊ लिहिलेल्या एका 'उत्तम'चे काय झाले ते समोरच पडले होते. घड्याळात साडेचार झाले होते. शनिवारी ऑफिस दुपारी बंद, आणि सकाळी त्याची शाळा. खुर्ची एका सहीवर आली होती. त्याने विचार केला. ही तबकडी कलकत्त्याला दाबली गेली. कलकत्त्याला लाख जाते ती कुठून? चुन्नीलालच्या अंगणातून पोती भरून मालगाडीच्या वाघिणीत चढताना त्याने स्वतः पाहिली होती. चुन्नीलालकडे ती येते सालेकशाच्या बाजूने. तेव्हा शक्यता किती, ते सांगता येत नव्हते. पण शून्य नव्हती. शून्य नाही असा विचार करता करता त्याची छाती थोडी फुगली. चार वर्षे आपण परक्यांचा म्हणून जो बाजा खिडकीबाहेरून ऐकला, तो ज्यावर कोरला जातो ती लाख आपल्या जंगलातली असू शकते, आणि हे आपल्याला, बी.एस्सी. असून, शेजारी लाख वाळत असून, सुचले नाही.

"लिव्ह ना गा," पुनाराम म्हणाले. "बाई सांगून राहिली ना."

त्याने लिहिले: 'जाणकार श्रीमती जमुनाबाई यांच्या मते सदर लाख सालेकशाच्या कुसुमाची आहे.' केशोरावांनी ते वाचले, 'यांच्या मते'वर थोडे रेंगाळले, चालेल म्हणाले, आणि नव्या राज्याचा शिक्का अजून यायचा असल्यामुळे जुनाच मारला.

खोके ऑफिसबाहेर येईपर्यंत बातमी बाजारात पोचली होती. अमेरिकेचा बाजा आपल्या सालेकशाच्या लाखेवर वाजते. हमालांनी खोके असे उचलले, की त्यावर काहीही लिहायची गरज नव्हती. चुन्नीलालही परत आला. तो रस्त्यात भेटेल त्याला सांगत होता की या तबकड्या दाबल्या त्या वर्षीचा माल बहुधा त्याच्याच अंगणातून गेला असावा. 'बहुधा' हा शब्द त्याने ईश्वरदासकडून घेतला होता.

शनिवारी संध्याकाळी इन्स्टिट्यूटला ईश्वरदास एकटा जाणार होता, पण आपली लाख वाजणार म्हटल्यावर पुनाराम निघाले, सुमित्रा निघाली, आणि जमुनाबाई तर आधीच जाऊन पायरीवर बसल्या होत्या. सेक्रेटरींनी तबकड्या मोजून घेतल्या, एकोणसाठ भरल्या, आणि बोलल्याप्रमाणे एक खुर्ची दिली. एकच. बाकीचे बाहेर राहिले.

ईश्वरदास लग्नातला कोट घालून आत बसला. खुर्ची चांगली होती, वेताची. ती खांबामागे होती. बँड सुरू झाला. ढोल आला, तो जमिनीतून थेट खुर्चीच्या पायांत आला. क्लॅरिनेट मात्र खांबाला वळसा घालून येत होते आणि येईपर्यंत निम्मे वाटेत संपत होते. शेजारचे गृहस्थ शेंगदाणे खात होते, एक एक, आणि प्रत्येक दाणा तालाच्या किंचित मागे. ईश्वरदासने खुर्ची सहा इंच सरकवली. मागून कोणीतरी घसा खाकरला. त्याने ती परत होती तिथे ठेवली. मग त्याच्या लक्षात आले की आपण संगीत ऐकत नसून आपण आत बसलो आहोत हे ऐकतो आहोत.

त्याची नजर खिडकीबाहेर गेली. बाहेर पुनाराम मागे हात बांधून चालले होते. ते पहिल्या खिडकीवरून गेले, दुसरीवरून गेले, दिसेनासे झाले, आणि इमारतीला वळसा घालून दुसऱ्या बाजूने पुन्हा आले. मान थोडी वाकडी, नजर जमिनीवर. ही चाल ईश्वरदासच्या ओळखीची होती. लहानपणी शेताडीत त्यांच्या मागून तो असाच हिंडला होता. पुनाराम तिसऱ्या खिडकीपाशी आले. दोन पावले मागे सरले. आणखी एक. पेरूच्या झाडाखाली थांबले, पायाने माती जराशी दाबली, आणि सुमित्रेला आणि जमुनाबाईंना हाताने बोलावले.

ईश्वरदास उठला. शेंगदाणेवाल्याच्या गुडघ्यांवरून, दोन सभासदांच्या बुटांवरून, अत्यंत ताठ मानेने तो बाहेर गेला.

"बाबा, इथंच का उभे राहिले तुम्ही?"

पुनाराम हॉलकडे पाहत होते. "तिकडून येते, या भिंतीले लागते, अन् इथं येऊन ठरते. पान्यासारखंच हाये. तू आत कायले बसला होता?"

ईश्वरदास वडिलांच्या पायांपासून भिंतीपर्यंत पावले टाकत गेला आणि परत आला. मोजपट्टी नव्हती, पण त्याला आपले पाऊल माहीत होते.

"अकरा फूट," तो म्हणाला. "तीन वर्षं लागली मला."

"मले एक फेरी लागली," पुनाराम म्हणाले. मग थोड्या वेळाने, क्लॅरिनेट एका लांब स्वरावर रेंगाळत असताना, त्याच्याकडे न पाहता म्हणाले, "जागा बराबर काढली होती तू."

मध्यंतराला फ्लॉरी साहेबांच्या तबकड्या वाजल्या. दुसरी तबकडी ऐकून बँडमास्तर रेडिओग्रामपाशी आले आणि या कोणाच्या म्हणून विचारू लागले. सेक्रेटरींनी खांबामागची खुर्ची दाखवली. ती रिकामी होती. तेव्हा तिसऱ्या खिडकीतून ईश्वरदासने वर्गातल्या मुलासारखा हात वर केला, आणि शेजारून जमुनाबाईंनी सांगितले, "लाख आमची हाये." बँडमास्तरांना सगळे कळले असे नाही. पण मैफल पुन्हा सुरू झाली तेव्हा क्लॅरिनेटवाल्याने आपली खुर्ची पूर्वेकडे फिरवली. पहिल्या रांगेतल्या दोन सभासदांना त्याची पाठ दिसू लागली, आणि थोड्या वेळाने तेही बाहेर पेरूखाली आले. ईश्वरदासने त्यांना जागा करून दिली. भिंतीपासून नऊ फुटांवर.

रविवारी सकाळी त्याने वही उघडली. साठ नोंदी करायच्या होत्या. तो चौसष्टाव्या ओळीवर आला आणि त्या 'उत्तम'वर रेघ मारायला त्याने पट्टी घेतली. तेवढ्यात सुमित्रेने चहा आणून ठेवला. तिच्या हातांत चार नव्या बांगड्या होत्या, काळ्याभोर. त्यांच्या कडेला, उजेडात नीट पाहिले तर, अगदी बारीक समांतर रेघा होत्या. शुक्रवारी आपल्या हातात राहिलेल्या तबकडीच्या तुकड्यांत आपली लाख मिसळून जमुनाबाईंनी त्या केल्या होत्या, पण त्या रेघा पुसायला त्यांचा जीव झाला नव्हता.

ईश्वरदासने बांगडी उजेडाकडे धरून एका इंचात रेघा किती ते मोजले. मग पट्टी बाजूला ठेवली. स्थितीच्या रकान्यात 'उत्तम' तसेच ठेवून त्याच्यापुढे त्याने लिहिले: 'बांगड्या, चार. सुमित्रेच्या हातात. कुसुम, सालेकसा.'

'यांच्या मते' हे शब्द लिहायचे राहून गेले. त्याच्या ते लक्षातही आले, पण त्याने ते घातले नाहीत.